रकान्याचं नाव की रकान्यातला शब्द?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका छोट्या वस्तुसंग्रहालयाची डिजिटल सूची तयार होतेय. वस्तूंना काय म्हणायचं हे ठरवून देणारी यादी एकच आहे. पण ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या बाई तिला थिसॉरस म्हणतात, सॉफ्टवेअरची मुलं टॅक्सॉनॉमी म्हणतात, सल्लागाराच्या अहवालात ती ऑन्टॉलॉजी झाली आहे आणि निविदेत ‘कंट्रोल्ड व्होकॅब्युलरी’ असं छापलंय. यातलं बरोबर कोणतं, प्रमाण व्याख्या कुठे मिळेल आणि करारात काय लिहायचं?

व्याख्या मिळेल हो, पण एक शोधायला जाल तर चार मिळतील, दुखणं तेच आहे. मी कार्डांच्या कॅटलॉगपासून या कामात आहे आणि या शब्दांवरून झालेल्या बैठका मोजायचं कधीच सोडून दिलंय. माझं मत सरळ आहे. थिसॉरस म्हणा की टॅक्सॉनॉमी, बहुतेक वेळा कुणाचं काही बिघडत नाही. पण दोन जागा अशा आहेत की तिथे नावाचा घोळ महिने खातो आणि पैसेही खातो. तेवढ्या दोन ठिकाणी मात्र हटून बसायचं.

पहिली जागा ‘व्होकॅब्युलरी’ या शब्दातच आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका संग्रहालयाच्या कामात करारात ओळ होती: ‘नोंदींसाठी मान्यताप्राप्त व्होकॅब्युलरी वापरावी.’ ओळ मीच लिहिली होती, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही. आमच्या डोक्यात वस्तूंच्या नावांची यादी होती: पातेलं, परात, जातं, अडकित्ता. कंपनीने काम पूर्ण करून दिलं तेव्हा पडद्यावर डब्लिन कोअर या नोंदींच्या मानकाचे पंधरा रकाने अगदी नीट होते. शीर्षक, कर्ता, विषय, दिनांक, सगळं जागच्या जागी. आणि ‘विषय’ या रकान्यात डेटा एंट्रीच्या पोरांनी ज्याला जे सुचलं ते टंकलेलं. एकाने ‘भांडं’, दुसऱ्याने ‘भांडी’, तिसऱ्याने ‘स्वयंपाकघर जुनी वस्तू’. आम्ही चिडलो. त्यांनी शांतपणे डब्लिन कोअरचं पान उघडून दाखवलं. ती जगभर मान्यता असलेली व्होकॅब्युलरी आहे, असं तिथे लिहिलेलंच होतं. त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. पुढचे तीन महिने ते शब्द साफ करण्यात गेले.

म्हणजे एकाच शब्दाने दोन निरनिराळ्या गोष्टी सांगितल्या जातात. एक, रकान्यांची नावं. दोन, रकान्यात भरायचे ठरीव शब्द. डब्लिन कोअर पहिल्या जातीचं. १९९५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी झालेल्या बैठकीतून ते निघालं. आयर्लंडच्या डब्लिनशी त्याचा संबंध नाही; ‘ते आयर्लंडचं का’ हा प्रश्न मला दर कार्यशाळेत येतो. गेटी संस्थेचा ‘आर्ट अँड आर्किटेक्चर थिसॉरस’ दुसऱ्या जातीचा. आणि दोघांनाही लोक व्होकॅब्युलरी म्हणतात. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या ग्रंथालय गटाने २०११ च्या अहवालात यावर चांगला तोडगा काढला होता. रकान्यांच्या संचाला त्यांनी ‘मेटाडेटा एलिमेंट सेट’ म्हटलं आणि भरायच्या शब्दांच्या यादीला ‘व्हॅल्यू व्होकॅब्युलरी’. माझ्या मते गेल्या पंधरा-वीस वर्षांत या विषयावर झालेलं हे सगळ्यात उपयोगी काम. पण नावं रुळली नाहीत, कारण दोन्ही अंमळ लांबलचक.

मी बैठकीत एवढंच विचारतो: रकान्याचं नाव की रकान्यातला शब्द? सरपंचांपासून प्रोग्रामरपर्यंत सगळ्यांना हा प्रश्न कळतो.

सॉफ्टवेअरं तर या गोंधळात तेलच ओततात. संग्रह वेबवर मांडायचं ओमेका एस उघडा. त्यात ‘व्होकॅब्युलरीज’ नावाचा विभाग आहे आणि त्याखाली डब्लिन कोअर, फ्रेंड ऑफ अ फ्रेंड आणि ‘बिब्लिओग्राफिक ऑन्टॉलॉजी’ अशी नावं दिसतात. म्हणजे व्होकॅब्युलरी या पाटीखाली ऑन्टॉलॉजी बसलीय, आणि दोन्ही प्रत्यक्षात रकान्यांची नावं पुरवतात. तुमची पातेलं-परातीची यादी घालायची तर ‘कस्टम व्होकॅब’ नावाचं वेगळं मॉड्यूल बसवावं लागतं. वेबसाइट बनवायच्या ड्रुपलमध्ये ‘टॅक्सॉनॉमी’ हे मॉड्यूल, त्याच्या पोटात ‘व्होकॅब्युलरी’, तिच्या पोटात ‘टर्म’. वर्डप्रेसमध्ये मधली पायरीच नाही. ड्रुपल जिला व्होकॅब्युलरी म्हणतं तिला वर्डप्रेस टॅक्सॉनॉमी म्हणतं. तुमच्याकडची मुलं ‘टॅक्सॉनॉमी’ म्हणतात ना, त्यांना आधी कशावर काम केलं होतं ते विचारा. बहुतेक उत्तर तिथेच मिळेल.

कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांकडे वेगळीच गंमत. तिथे ‘ऑथॉरिटीज’ आणि ‘ऑथराइज्ड व्हॅल्यूज’ असे दोन विभाग आहेत. पहिल्यात लेखक आणि विषय यांच्या रीतसर नोंदी, पर्यायी नावांसकट. दुसऱ्यात साध्या ड्रॉपडाउनच्या याद्या: पुस्तक हरवलं, खराब झालं, कोणत्या संग्रहातलं. नावं इतकी सारखी की एका कॉलेजात विषयांची आख्खी यादी ‘ऑथराइज्ड व्हॅल्यूज’मध्ये चढवलेली मी पाहिली आहे. ‘पर्यायी शब्दावरून शोध का लागत नाही’ म्हणून फोन आला होता. कसा लागेल? ड्रॉपडाउनला पर्यायी शब्द ठाऊकच नसतो.

आता हा घोळ झाला कसा? आळसामुळे नाही. प्रत्येक शब्द आपापल्या घरून आलाय आणि येताना आपलं सामान घेऊन आलाय. टॅक्सॉनॉमी वनस्पतिशास्त्राकडून आली. द कांदोल या स्विस शास्त्रज्ञाने १८१३ मध्ये तो शब्द वापरला. थिसॉरस म्हणजे ग्रीकमध्ये खजिना, आणि इंग्रजी वाचकाला तो रोजेच्या १८५२ च्या कोशामुळे माहीत. पण रोजेचा कोश लेखकाला शब्दांची विविधता देतो, आणि माहितीशास्त्रातला थिसॉरस नेमकं उलटं करतो: दहा शब्दांतला एक निवडून बाकीच्यांना त्याच्याकडे पाठवतो. नाव एक, काम विरुद्ध. ऑन्टॉलॉजी तत्त्वज्ञानातून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लोकांनी उचलली आणि १९९० च्या दशकात तिला संगणकी अर्थ दिला. सब्जेक्ट हेडिंग, म्हणजे विषयशीर्षक, आमच्या ग्रंथालयाच्या घरचं, कार्डांच्या जमान्यातलं. आणि हल्ली भाषेची मॉडेलं बनवणारी मुलं ‘व्होकॅब’ म्हणतात तेव्हा त्यांना शब्दांचे तुकडे साठवलेली तिसरीच यादी अभिप्रेत असते. त्यांच्याबरोबर बैठक असेल तर सुरुवातीलाच सांगून टाका.

मोठ्या संस्थासुद्धा आपल्या वस्तूचं नाव आणि जात जुळवून ठेवत नाहीत. अमेरिकेच्या वैद्यकीय ग्रंथालयाची ‘मेश’ पाहा. नावात ‘सब्जेक्ट हेडिंग्ज’, ओळख करून देताना तेच ग्रंथालय तिला कंट्रोल्ड व्होकॅब्युलरी आणि थिसॉरस दोन्ही म्हणतं. जनुकांच्या कामांना नावं देणारी जीन ऑन्टॉलॉजी १९९८ साली सुरू झाली. तिच्या कर्त्यांनी २००० सालच्या लेखात आपलं उद्दिष्ट ‘कंट्रोल्ड व्होकॅब्युलरी’ तयार करणं हे सांगितलं. आरडीएफ स्कीमा या वेबच्या मानकाच्या २००४ च्या दस्तऐवजाच्या एका शीर्षकात ‘व्होकॅब्युलरी’, ‘लँग्वेज’ आणि ‘स्कीमा’ तिन्ही शब्द बसवले होते. आणि खुद्द डब्ल्यूथ्रीसीने लिहून ठेवलंय की व्होकॅब्युलरी आणि ऑन्टॉलॉजी यांच्यात स्पष्ट सीमारेषा नाही. जास्त गुंतागुंतीच्या, औपचारिक संचाला ऑन्टॉलॉजी म्हणायची प्रथा आहे, इतकंच.

मानकंही स्थिर नाहीत. अमेरिकेच्या झेड ३९.१९ या मानकाच्या १९९३ च्या आवृत्तीच्या शीर्षकात ‘थिसॉराय’ होतं, २००५ च्या आवृत्तीत ते जाऊन ‘कंट्रोल्ड व्होकॅब्युलरीज’ आलं. त्यात साधी यादी, समानार्थी शब्दांचं कडं, टॅक्सॉनॉमी (म्हणजे उतरंड) आणि थिसॉरस (उतरंडीबरोबर पर्यायी आणि संबंधित शब्दांचे दुवेही) अशा चार पायऱ्या दिल्या आहेत, आणि ‘कंट्रोल्ड व्होकॅब्युलरी’ हे चौघांचं आडनाव आहे. म्हणजे तुमची निविदा आणि तुमच्या बाई यांच्यात भांडण नाहीच. एक आडनाव सांगतोय, दुसरा नाव. आयएसओ २५९६४ चा पहिला भाग २०११ चा, तो थिसॉरसबद्दल; दुसरा २०१३ चा, थिसॉरसची इतरांशी सांगड कशी घालायची याबद्दल. प्रमाण व्याख्या हवी असेल तर मी आयएसओच्या घ्या म्हणेन, कारण त्यात शेजाऱ्यांचाही विचार आहे.

एवढं झालं तरी तुमच्या प्रश्नातल्या ‘ऑन्टॉलॉजी’ला मी सोडणार नाही, कारण दुसरी धोक्याची जागा ती आहे.

त्याच संग्रहालयात जात्यांची नोंद होती. चौदा जाती, आणि नऊ लाकडी खुंटे वेगळे ठेवलेले, दगड केव्हाच गेलेले. जुन्या यादीत कुणीतरी ‘जातं’ या शब्दाखाली एक पायरी आत ‘खुंटा’ लिहिलं होतं. कागदावर वाचताना कुणाची दिशाभूल होत नाही. जात्याचा खुंटा, हे पोरालाही कळतं. पुढे एका हुशार मुलाने ती यादी आउल या ऑन्टॉलॉजीच्या भाषेत बदलली आणि प्रत्येक आतली पायरी ‘उपवर्ग’ म्हणून लिहिली. उपवर्ग म्हणजे काय? आतल्या वर्गातली प्रत्येक वस्तू बाहेरच्या वर्गातलीही असते. झालं, प्रत्येक खुंटा जातं ठरला. शोधात तेवीस जाती आली. वार्षिक अहवालात तो आकडा छापायच्या बेतात होता.

चूक त्या मुलाची म्हणाल तर अर्धीच. थिसॉरसमधली ‘व्यापक–संकुचित’ ही जोडी वाचकाला शोधात मदत करायला असते. ‘हे पाहत असाल तर तेही पाहा’ इतकं तिचं वचन. ऑन्टॉलॉजीतल्या उपवर्गाचं वचन तर्कशास्त्राचं असतं, यंत्र त्यावरून अनुमानं काढतं. मैत्रीखातर दिलेला शब्द आणि स्टॅम्पपेपरवर दिलेला शब्द, तसा फरक. बरं, आमच्या यादीतली मूळ पायरीही मानकाला धरून नव्हती. भाग आणि पूर्ण यांचं नातं उतरंडीत दाखवायला थिसॉरसची मानकं मोजक्याच ठिकाणी परवानगी देतात: शरीराचे अवयव, भौगोलिक ठिकाणं, विद्याशाखा, संघटनांची रचना. तिथे तो भाग त्याच पूर्णाचा असतो. पुणे जिल्हा महाराष्ट्रात, चालेल. खुंटा मात्र गुरं बांधायचाही असतो. त्याला ‘संबंधित’ म्हणून बाजूला ठेवायला हवा होता.

स्कॉस नावाचं डब्ल्यूथ्रीसीचं मानक २००९ साली आलं ते याच कारणासाठी मला आवडतं. थिसॉरस, विषयशीर्षकं, वर्गीकरणं, सगळ्यांना ते एकाच छताखाली ‘कन्सेप्ट स्कीम’ म्हणतं, जातीचा वाद घालत नाही, आणि ‘ब्रॉडर’ म्हणजे उपवर्ग नव्हे हे सांभाळून ठेवतं. एक खाचखळगा मात्र आहे: ‘परात ब्रॉडर भांडी’ याचा अर्थ परातीची व्यापक संकल्पना भांडी, असा घ्यायचा. इंग्रजीच्या सवयीने ‘परात भांड्यांपेक्षा व्यापक’ असं वाचून आख्खी उतरंड उलटी चढवलेली उदाहरणं मी दोनदा निस्तरली आहेत. पहिल्या पाच ओळी चढवून डोळ्यांनी तपासा, मग बाकीच्या.

तर तुमच्या सल्लागारांना एकच विचारा: या यादीवरून यंत्राने अनुमान काढावं अशी अपेक्षा आहे का? ‘हो’ म्हणाले तर प्रत्येक पायरी ‘प्रत्येक अमुक हा तमुक असतोच का’ या कसोटीवर घासून घ्यावी लागेल, आणि त्याचे दिवस करारात धरावे लागतील. ‘नाही’ म्हणाले तर ती ऑन्टॉलॉजी नाही. अहवाल भारदस्त दिसावा म्हणून घातलेला शब्द आहे. मला हा अनुभव इतक्या वेळा आलाय की आता रागही येत नाही.

हे असं शब्दाचं कवच काढून आतला विचार बघणं आपल्याकडे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी फार आधी शिकवलंय. कल्पना, शब्द आणि अंकन (वर्गाचा क्रमांक) या तीन पातळ्या त्यांनी वेगळ्या केल्या आणि काम कल्पनेपासून सुरू करायला सांगितलं. आपली भांडणं बहुतेक वेळा मधल्याच पातळीवर रंगतात.

आता मराठीचं बघू, कारण तुमची यादी मराठी आहे आणि परदेशी मानकांत याची उत्तरं नाहीत. ‘व्होकॅब्युलरी’ला ‘शब्दसंग्रह’ म्हटलं की शाळेतला ‘शब्दसंग्रह वाढवा’ आठवतो. ‘कोश’ म्हणावं तर शब्दकोश, विश्वकोश, परिभाषाकोश, सगळ्यांना आपण कोशच म्हणतो. अमरकोश खरं तर समानार्थी शब्द विषयवार वर्गांत लावलेला, म्हणजे थिसॉरस आणि वर्गीकरण दोन्ही. आपले पूर्वज या वादातून एका शब्दात मोकळे झाले होते! मी कामाच्या कागदात ‘थिसॉरस’ तसाच ठेवतो आणि शेजारी एक ओळ मराठीत लिहितो, ती यादी काय करते ते सांगणारी. भाषांतर करून नवा गोंधळ विकत घ्यायची मला हौस नाही.

खरी कसोटी यादीच्या आत लागते. आमची एक नोंद अशी होती:

पातेले
यांच्याऐवजी: पातेलं, टोप (भांडे), गंज (भांडे), भगुणे
व्यापक: स्वयंपाकाची भांडी
संबंधित: झाकण

चार ओळी, पण त्यावर दीड दिवस गेला. मुंबई-कोकणात टोप, विदर्भात गंज. पण संग्रहालयात शस्त्रांचं दालनही होतं, तिथे टोप म्हणजे शिरस्त्राण. आणि धातूच्या वस्तूंची देखभाल करणाऱ्यांच्या नोंदीत ‘गंज’ पानापानावर, लोखंडावर चढलेला. कंसातला खुलासा नसता तर पातेलं शोधणाऱ्याला तलवारींचे दुरुस्ती अहवाल मिळाले असते. साध्या यादीला हे जमत नाही. म्हणून तुमच्या यादीत असे ‘यांच्याऐवजी’ आणि ‘संबंधित’ दुवे असतील तर बाईंचं ‘थिसॉरस’ बरोबर. नुसती उतरंड असेल तर मुलांचं ‘टॅक्सॉनॉमी’ चालेल.

नागपूरच्या एक सहकारी बाई त्या बैठकीत चिडल्या होत्या. ‘आमच्या गंजाने तुमच्या पातेल्याच्या मागे का उभं राहायचं?’ प्रश्न रास्त होता. स्कॉसमध्ये एका संकल्पनेला एका भाषेत एकच मुख्य नाव देता येतं, त्यामुळे कुणाला तरी मागे उभं राहावं लागतंच. पण खरी ओळख त्या संकल्पनेच्या क्रमांकाची असते; नाव ही फक्त पाटी. आम्ही पाटीवर पातेले ठेवलं, आणि वस्तू जिथून आली तिथलं नाव नोंदीत वेगळ्या रकान्यात लिहायचं ठरलं. बाई त्यावर राजी झाल्या, पूर्ण नाही, पण झाल्या.

अनेकवचनाचंही ठरवून घ्या. मोजता येणाऱ्या वस्तू अनेकवचनात लिहाव्यात, असं इंग्रजी थिसॉरसांचा नियम सांगतो. मराठीत तो डोळे मिटून पाळला तर ‘जातं’चं ‘जाती’ होतं, आणि ‘जाती’ शोधणाऱ्यासमोर दळणाचे दगड आणि समाजशास्त्राची पुस्तकं एकत्र येतात. आम्ही वस्तूंसाठी एकवचन घेतलं, गटांच्या नावांना अनेकवचन. मुख्य नाव ‘जाते’, पर्यायी ‘जातं’, आणि नेहमी होणाऱ्या चुकीच्या टंकलेखनाला स्कॉसमधली लपवलेल्या नावाची सोय.

मार्क हा ग्रंथालयाच्या नोंदींचा संगणकी साचा वापरत असाल तर आणखी एक. ६५० या विषयाच्या टॅगमध्ये दुसरा निर्देशांक शब्द कोणत्या यादीतला ते सांगतो: ० असेल तर लायब्ररी ऑफ काँग्रेसची विषयशीर्षकं, २ असेल तर मेश, ७ असेल तर यादीचं सांकेतिक नाव त्याच ओळीत पुढे द्यायचं. ४ म्हणजे ‘यादी सांगितलेली नाही’. आपल्याकडच्या कितीतरी नोंदींत घरगुती मराठी शब्दापुढे सवयीने ० ठोकलेला असतो. ते खोटं आहे, आणि नोंदी दुसरीकडे पाठवल्या की उघडं पडतं. इथे बघा, त्या यादीला थिसॉरस म्हणायचं की आणखी काही, हे मार्क विचारतच नाही. ते विचारतं कोणती यादी.

करारातही तेच करा. ‘कंट्रोल्ड व्होकॅब्युलरी वापरावी’ ही ओळ काढा. त्याजागी साधारण असं लिहा: ‘नोंदीचे रकाने डब्लिन कोअरप्रमाणे असतील. “वस्तूचे नाव” या रकान्यात संग्रहालयाच्या वस्तुनाम यादीतलीच संकल्पना निवडता येईल, तिचा क्रमांक नोंदीत साठवला जाईल, आणि पर्यायी नावाने शोधल्यावरही ती सापडेल. यादी स्कॉसमध्ये निर्यात करून दिली जाईल. यादीतील व्यापक–संकुचित नाती उपवर्ग म्हणून रूपांतरित करू नयेत.’ यादीला स्वतःचं नाव आणि आवृत्तीची तारीख द्या. ‘टॅक्सॉनॉमी फायनल २’ या नावाच्या फायली मी पुरेशा पाहिल्या आहेत. निविदा अजून उघडली नसेल तर एवढ्यासाठी शुद्धिपत्रक काढून घ्या. उघडली असेल तर कार्यारंभ आदेशाआधी ही ओळ कंपनीकडून लेखी मान्य करून घ्या, आणि तेव्हाच पाच नमुना नोंदीही मागवा. त्यातली एक पातेल्याची असू द्या, एक शिरस्त्राणाची.